निपाणीची गाडी

आमच्या गल्लीतले मारुतीआप्पा रोज सकाळी सहाला निपाणीला निघतात आणि साडेसहाला आपल्याच अंगणात चहा पितात. असं दोन वर्षं चाललं होतं आणि निपाणी काही येत नव्हती.

आप्पांनी सगळी नोकरी बेळगाव-निपाणी गाडीवर कंडक्टर म्हणून केली. उभं राहून राहून कंबर अशी ताठली, की खाली पडलेला पंचासुद्धा ते पायाच्या बोटांनी उचलत. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी आसनं सांगितली. त्यातलं एक म्हणजे उभ्यानं वाकून पायाचे अंगठे धरायचे. आप्पांनी लगेच स्वतःच्या पायावर गाडीच्या थांब्यांसारख्या स्टेज पाडल्या. कंबर म्हणजे बेळगाव, मांडी काकती, गुडघा हत्तरगी, अर्धी नडगी संकेश्वर, घोटा तवंदी घाट. अंगठा निपाणी.

"रैट!" म्हणून आप्पा वाकतात. हात अडेल तिथं पाच श्वास थांबतात. मग सावकाश उभे राहून व्हरांड्याकडं बघत वर्दी देतात, "आज संकेश्वर."

व्हरांड्यात खुर्चीवर आक्का असतात, आप्पांची बायको. अर्धांगानंतर त्यांचा डावा पाय उचलत नाही. लुगड्याचा काठ ओढून पाय झाकून बसतात. तोंडाला मात्र काही झालेलं नाही.

"कालबी संकेश्वरच की! स्टँडावर झोप लागली व्हय?"

"टायमावर सुटलोय न्हवं? पोचायचं रस्ता बघंल."

मी शेजारचा. आमच्या घरातला पहिला पदवीधर, आता प्राथमिक शाळेत शिक्षक. पदवी ठरल्या वर्षांत मिळाली, म्हणून सगळंच मुदतीत मिळतं असा माझा समज होता. शाळेत मुलांपुढं हेच आसन करून दाखवायचं माझ्याकडं आलं. हातात पंधरा दिवस होते. तिसऱ्या दिवशी जोर लावून अंगठ्याला हात पोचवला आणि मांडीमागची शीर अशी धरली, की शाळेत भिंतीला धरून गेलो.

आप्पा बघायला आले. "मधल्या स्टेजा सोडून गेलास व्हय रं मास्तर? म्हणजे विदाऊट तिकीट! चेकिंग हुणारच की."

शीर सुटल्यावर त्यांनी मला काकतीपासून सुरू करायला लावलं. "आडलं तिथं थांब. श्वास सोड, म्हंजे पाशिंजर उतरत्यात. आत आपोआप जागा हुती. ढकलाढकली केलीस तर दारच लागत न्हाय."

त्याच आठवड्यात थंडी वाढली आणि आप्पा पुन्हा हत्तरगीवर आले. मलाच वाईट वाटलं. "आप्पा, मागं आलात की."

"मागं न्हाय रं. रस्त्याचं काम चालू हाय. गाडी रद्द केली न्हाय, लई झालं."

ठरल्या दिवशी शाळेत मी गुडघ्यापर्यंतच वाकलो आणि तिथं पाच श्वास थांबलो. सगळ्या मुलांना ते जमलं. त्या आठवड्यात आप्पांना पेढे दिले तेव्हा विचारलं, "डॉक्टर म्हणतात घोट्यापर्यंत पुरे. मग निपाणीचा एवढा हट्ट कशाला?"

"माझं काम हाय तिकडं," आप्पा म्हणाले. आक्कांचं माहेर निपाणीचं, म्हणून मी ती थट्टा समजलो.

गेल्या महिन्यात एक दिवस सहा वाजून गेले तरी "रैट" ऐकू आलं नाही. धावत गेलो. व्हरांड्यात आक्कांचा डावा पाय पाटावर होता. लुगड्याचा काठ वर घेतलेला. समोर आप्पा पार कमरेत वाकून उभे होते. एका हातात आक्कांचा अंगठा, दुसऱ्या हातात नेलकटर.

"कामाला येणाऱ्या बाईनं कापली असती की," मी म्हणालो.

"परक्यापुढं पाय काढायला लाजती ही," आप्पा खालूनच म्हणाले. "नखं वाढली की झाकून बसायची. माझा हात पोचत न्हवता, मास्तर."

आक्कांनी बरा हात आप्पांच्या पाठीवर ठेवला. "निपाणी आली. उतरा आता, कंबर धरंल."

"अजून चार बोटं हाइत," आप्पा म्हणाले. त्यांनी श्वास सोडला आणि तिथंच थांबले.