चटईचं वाक्य

मचानोने खांगा घेतला तो नुसता रंग बघून, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला. झांझिबारमध्ये शेंबडी पोरगीसुद्धा खांगा घेताना आधी त्या नेसायच्या कापडाच्या खालच्या काठावर छापलेली ओळ वाचते, मग रंगाकडे बघते. शेजारणीला टोमणा, सवतीला इशारा, नवऱ्याला तक्रार, सगळं त्या एका ओळीत मावतं आणि तोंड उघडावं लागत नाही. मचानो तर सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासायचा. दिवसभर स्वल्पविराम वेचणाऱ्या या माणसाने बाजारात पिवळा खांगा दिसताच "हा बांधा" म्हटलं आणि सासूसाठी घरी आणला.

सासूबाई, म्हणजे बी म्वाका, पेम्बा बेटावरून ईदला आल्या होत्या, त्याला आता तीन महिने झाले होते. त्यांनी पुडकं सोडलं, काठ वाचला आणि गप्प बसल्या. बी म्वाका गप्प बसल्या ही गोष्ट इतकी नवी होती की सुबिरा अर्धा खवलेला नारळ हातात घेऊनच स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिनेही वाचलं: 'पाहुण्याची चटई उन्हात घातली आहे.'

"वा," ती नवऱ्याला म्हणाली, "तीन महिन्यांत आईला एक वस्तू आणलीस, ती ही. सरळ बोटीचं तिकीट का नाही आणलंस?"

"अगं, मी वाचलंच नाही."

"तू वाचलं नाहीस? आपल्या लग्नपत्रिकेत सात चुका काढून माझ्या मामाला रडवलंस, तो तू?"

इथे मचानोने गप्प बसायला हवं होतं. पण घाबरलेला माणूस गप्प थोडाच बसतो. "आणि तुम्ही समजता तसा त्याचा अर्थ नाहीये," तो म्हणाला. "फार जुनं वचन आहे ते. एका थोर संताचं. पाहुण्याची चटई उन्हात घालायची ती तिला ऊब यावी म्हणून. पाहुण्याने आणखी राहावं म्हणून."

"न वाचता अर्थ बरा ठाऊक," सुबिरा म्हणाली.

बी म्वाकांनी खांग्याची घडी घातली. "जावईबापू, शुक्रवारी सकाळी बोट आहे. त्याआधी हे वाक्य पहिल्यांदा कोण बोललं त्याचं नाव मला आणून द्या. मिळालं तर राहते. नाहीतर निघाले."

"आणि मी तिच्याबरोबर," सुबिरा म्हणाली. तिने ते ओरडून सांगितलं असतं तर मचानोला एवढं वाटलं नसतं. पण ती अगदी सावकाश बोलली. एकोणीस वर्षांच्या संसारात सुबिराशिवाय तो एक दिवस राहिला नव्हता. साखरेचा डबा कुठला हेही त्याला ठाऊक नव्हतं.

गुरुवारी त्याने रजा टाकली आणि आधी गल्लीच्या तोंडाशी दगडी ओट्यावर कॉफी पीत बसलेल्या मंडळींना गाठलं. तिथे विद्वानांना तोटा नाही. एकाने ते वाक्य सुलतानाच्या वजिराचं असल्याचं छातीठोकपणे सांगितलं. दुसऱ्याने ते चिनी आहे म्हणून पैज लावली. तिसरा म्हणाला, "माझंच आहे ते. याच ओट्यावर बोललो होतो. तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही."

शेवटी मचानो खांगा घेतला त्या दुकानात गेला. दुकानदार याह्या हसायलाच लागला. "माल हिंदुस्थानातून छापून येतो. छापणाऱ्याला यातलं अक्षर कळत नाही. ओळ जाते ती आपल्या फकीबुवांकडून. त्यांना विचार."

फकीबुवा म्हणजे खांग्यांची नक्षी काढणारे म्हातारे. त्यांच्याकडे एक जाडजूड वही होती. "बायका येतात, ओळ देतात," ते म्हणाले, "आणि छापून आलेल्या पहिल्या गठ्ठ्यातला एक खांगा घेऊन जातात. नाव मी लिहून ठेवतो. पुढे 'माझी ओळ, माझी ओळ' म्हणून झिंज्या धरतात रे." त्यांनी थुंकी लावून पानं उलटली. "हां. पिवळा, काळ्या काजूंच्या नक्षीचा. मागणी होती म्हणून यंदा परत छापला. वाक्य देणार म्वाका बिंती हमादी, गाव वेटे, पेम्बा. एकोणीस वर्षं झाली. आणि इथे कारण लिहिलंय."

"काय कारण?"

"जावई."

मचानो तिथल्याच स्टुलावर बसला. लग्नानंतर घर बांधून होईपर्यंत तो आठ महिने वेटेला सासरी राहिला होता. रोज सकाळी बी म्वाका त्याच्यापुढे चहा ठेवत आणि मग पाठ फिरवून दारात उभ्या राहत. तेव्हा त्यांच्या अंगावर रोज पिवळा खांगा असे. त्यांना पिवळा रंग आवडतो हे मचानोला तिथूनच कळलं होतं.

शुक्रवारी सकाळी दोन बोचकी बांधून दाराशी ठेवलेली होती. "नाव मिळालं," मचानो म्हणाला. "म्वाका बिंती हमादी."

सुबिराने आईकडे पाहिलं. बी म्वाका मचानोवरची नजर न ढळवता म्हणाल्या, "म्हणजे ठाऊक होतं तुम्हाला. एकोणीस वर्षं मनात ठेवलंत आणि माझेच शब्द पुडक्यात बांधून मला परत केलेत."

"नाही हो आई. कालपर्यंत मला काही माहीत नव्हतं. तुम्ही तिकडे रोज पिवळा नेसायचात, म्हणून म्हटलं आवडत असेल."

"आठ महिने," बी म्वाका एकेक शब्द तोडत म्हणाल्या, "पाय दुखेपर्यंत मी ती ओळ तुमच्या नाकासमोर धरून उभी राहिले. तुम्ही ती वाचलीच नाहीत?"

"चहा फार चांगला असायचा," मचानो म्हणाला.

बी म्वाका आधी खांद्यांनी हसल्या, मग पोट धरून हसल्या, आणि शेवटी बोचक्यावरच बसल्या. "इतकी वर्षं मी समजत होते, जावई निर्लज्ज मिळाला. हा तर नुसता आंधळा निघाला. गाठी सोड गं सुबिरा. मी राहते. अशा माणसापाशी तुला एकटीला ठेवून जायचं म्हणजे काय."

सुबिरा मात्र हसत नव्हती. "आणि माझे?" तिने विचारलं. "माझे तरी कधी वाचलेस?"

उत्तराची वाट न बघता ती आत गेली आणि खांग्यांची पेटी ओढत बाहेर घेऊन आली.

चष्मा पुसून, कानावर लाल पेन्सिल अडकवून तो जमिनीवर बसला आणि एकेक खांगा उलगडून वाचू लागला. पहिले दोन वाचून त्याने घडी घालून बाजूला ठेवले. तिसऱ्यावर होतं: 'उघडं दार सगळ्यांना दिसतं, मालकाला दिसत नाही.'

"ही आपल्या न्हाणीघराची तुटकी कडी का गं?" त्याने हळूच विचारलं.

"चार वर्षं झाली."

तो उठला आणि हातोडी शोधू लागला. मग त्याने विचारलं, "हातोडी कुठे असते?"

"पेटीत खाली बघ," सुबिरा म्हणाली. "त्यावरही एक खांगा आहे."