कोणता जोश?

आमच्या नांदेडच्या शाळेत अंबादासराव मास्तरांसमोर ‘जोश’ हा शब्द उच्चारायची कोणाची छाती नव्हती. चुकून कोणाच्या तोंडून निघालाच, तर मास्तर हातातलं काम बाजूला ठेवायचे, काळ्या शेरवानीची गळ्याजवळची गुंडी लावायचे आणि कमालीच्या गांभीर्यानं विचारायचे, “कोणता जोश?”

समोरचा गडबडायचा. “कोणता म्हणजे? जोश म्हणजे जोश.”

“असं कसं राव? देगचीतला, हकिमाच्या काढ्यातला, का बाजारातला?”

एवढं झालं की नीट उत्तर दिल्याशिवाय सुटका नसायची.

मास्तर उर्दू आणि फारसी शिकवायचे. निजामाचे ते शेवटचे दिवस होते, पण शेवटचे आहेत हे आम्हाला कुठं ठाऊक होतं? शाळा उर्दूतून चालायची, सुट्टी शुक्रवारी असायची, आणि आमच्यासारखी शेतकऱ्यांची पोरं घरी मराठीत मार खायची, शाळेत उर्दूत. मी लोह्याकडच्या एका खेड्यातला. आमच्या घरात पाटीला पहिला हात माझा लागला. हैदराबादेहून बी. ए. होऊन आलो आणि ह्याच शाळेत नोकरीला लागलो, तेव्हा नांदेडात माझं कोणी नव्हतं. मास्तरांनी आपल्या शेजारची खोली मिळवून दिली, आपल्या घरातला एक कंदील दिला आणि वर बजावलं, “वात कमी ठेवत जा. तेलापेक्षा डोळे महाग हायत.” त्यांचे ते उपकार मी आजही मानतो.

तर जोश. मास्तरांच्या मते फारसी कोशातला पहिला अर्थ उकळी. “तो घरमालक,” ते म्हणायचे. “आवेश, उमेद, उत्साह हे सगळे मागनं आलेले भाडेकरू.” पण कोशावर त्यांचं भागत नसे. तालमीतला पहिलवान दंड फुगवून ‘जोश भरला’ म्हणायचा, तो त्यांनी जाऊन चाचपून पाहिला होता. बाजारातली पोरं ‘जोश खाऊ नको’ म्हणायची, म्हणजे चिडू नको. तेही त्यांना मान्य होतं.

एकदा आम्हाला स्टेशनावर जायचं होतं. टांगेवाला महबूब टांगा जोडायलाच तयार होईना. “आज नको मास्तरसाब. घोडी जोश में है.”

“कोणता जोश?”

महबूबनं माझ्याकडं पाहिलं, घोडीकडं पाहिलं आणि मान खाली घातली. “अब क्या बोलूं साब... उसको शादी करना है.”

“दुरुस्त,” मास्तर समाधानानं म्हणाले. “हा माझ्याकडं नव्हता.” आणि आम्ही पायी स्टेशनावर गेलो.

शाळेच्या जलशाला तर त्यांनी कहर केला. तपासणीला आलेले साहेब मंचावर बसले होते. हेडमास्तर दावत जेवून उठलेले. छातीवर हात ठेवून ते म्हणाले, “आज मेरे दिल में एक जोश है...” पहिल्या रांगेतून मास्तर उभे राहिले. “जनाब, कोणता?”

हेडमास्तरांचा हात छातीवरून पोटावर आला. “वही,” ते म्हणाले, “जो सबको होता है.” साहेब हसून हसून पुढचं भाषण ऐकू शकले नाहीत. हेडमास्तर मात्र पुढं बरेच दिवस मास्तरांचा सलाम घेत नव्हते.

गंमत अशी, की ह्या माणसाला स्वतःला कसलाच जोश आलेला मी पाहिला नव्हता. माझी नोकरी कायम झाली तेव्हा मी धावत पेढे घेऊन गेलो. मास्तरांनी पेढा दोन बोटांत दाबून पाहिला आणि म्हणाले, “ताजा हाय.” बस, एवढंच. बायको वारून बरीच वर्षं झालेली. एकुलती लेक गोदा लातूरला अडत्याच्या घरी दिलेली. घरात ते आणि त्यांचे जाडजूड कोश. मला वाटायचं, हा माणूस असाच थंड असावा.

त्या वर्षी पंचमी जवळ आली आणि एका शुक्रवारी मास्तर माझ्या खोलीत आले. अंगात शेरवानी नव्हती. नुसत्या सदऱ्यात मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो.

“राव, तुम्हाला बहीण हाय का?”

“न्हाई जी.”

“मग एक घ्या.”

मग त्यांनी हळूहळू सांगितलं. लग्न झाल्यापासून गोदा पंचमीला माहेरी आली नव्हती. सासरहून लेक आणायला जो जातो तो मुऱ्हाळी. मास्तर स्वतः गेले, तर विहीणबाई म्हणाल्या, मुऱ्हाळी भाऊ असतो, बाप कुठं असतो का? गोदाला भाऊ नव्हता.

“मी जातो,” मी म्हणालो. “तुम्ही निवांत राहा.”

“मी मोटारीपर्यंत येतो,” मास्तर म्हणाले.

मोटारीच्या अड्ड्यावर ते माझ्याआधी येऊन बसले होते. शेरवानी धुतलेली, काखेत छत्री. मोटार हलली तरी उतरेनात. मी विचारलं तर म्हणाले, “लोह्याला उतरतो.” लोहा गेलं. अहमदपूर गेलं. लातूर येईपर्यंत त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

लातुरात मात्र गल्लीच्या तोंडाशी, पानाच्या दुकानापाशी ते थांबले. “लेकीला लेकरू होईस्तोवर तिच्या घरचं पाणी घेत नसतात,” ते म्हणाले. “मी हितंच बरा. तुम्ही जा. घाई करू नका. आणि लई वेळही लावू नका.”

विहीणबाई ओसरीवर डाळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली न ठेवताच विचारलं, “कोण वो तुम्ही?”

“गोदाचा भाऊ. मुऱ्हाळी आलोय.”

“भाऊ? लग्नात तर दिसला न्हाईत.”

“मानलेला हाय.”

“आस्सं. मग मानलेल्या भावानं ऐकून घ्यावं. औंदा न्हाई जमत. माझ्या तिघी लेकी पंचमीला येऊन राहिल्यात. ही उठून माहेरी गेली तर त्यांचं माहेरपण कोण करायचं? तुम्ही करता का?”

आतून तिघींचं हसणं, बांगड्यांचा आवाज येत होता. मी पुन्हा विनवून पाहिलं. सूप पाखडत विहीणबाई म्हणाल्या, “पाणी प्या आन् निघा. मोटार चुकंल.”

मी अंगणात उतरलो तसं पाणी घेऊन गोदा आली. मी तिला प्रथमच पाहत होतो, पण मास्तरांचं रुंद कपाळ ओळखू आलं. तांब्या देताना तिनं हळूच विचारलं, “बाबा आलेत न्हवं?”

“गल्लीच्या तोंडाशी हायत.”

ती अंगणाच्या दाराकडं वळली आणि तिथंच थांबली. मग म्हणाली, “अजून विचारतात का हो सगळ्यांना, कोणता जोश म्हणून?”

मी महबूबच्या घोडीची गोष्ट अर्धीमुर्धी सांगितली. पदर तोंडाला लावून ती हसली.

“तो आमचा खेळ होता,” ती म्हणाली. “ते शाळेतून यायचे दिसले की मी उंबऱ्यावर उड्या मारायची. मला जोश आला, जोश आला, म्हणून वरडायची. ते लांबूनच विचारायचे, कोणता? मी म्हणायची, तुमचा.”

“गोदे, पुरण लागलं बघ खाली!” ओसरीवरून हाक आली. रिकामा तांब्या माझ्या हातातून घेऊन ती आत गेली.

गल्लीच्या तोंडाशी मास्तर उभेच होते. त्यांनी आधी माझ्या पाठीमागं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडं पाहून विचारलं, “पाणी दिलं का तुम्हाला?”

“दिलं.”

“तिनं?”

“हो, तिनंच.”

“गार होतं?”

“गार होतं.”

“हां,” ते म्हणाले आणि चालायला लागले.

परतीच्या मोटारीत मास्तरांनी जातानाच तीन जागा सांगून ठेवल्या होत्या. एक खिडकीची. ते मधे बसले, मी कडेला. क्लीनर आला. “मास्तर, ती रिकामी हाय, माणूस बसवू का?”

“रिकामी न्हाई,” मास्तर म्हणाले.

अहमदपूरला एक व्यापारी गाठोडं घेऊन चढला. “हितं कोणी हाय का?”

“हाय.”

व्यापाऱ्यानं जागेकडं पाहिलं, मास्तरांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी पुढच्या काचेतून रस्ता पाहू लागलो. तो पुटपुटत मागं जाऊन उभा राहिला. मास्तरांनी त्या जागेवर हात पालथा ठेवला होता. रस्त्यात खड्डा आला की तो हात तेवढा घट्ट व्हायचा.

लोह्याला मोटार थांबली तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. खाली एक तरणा गडी आणि हिरवं लुगडं नेसलेली एक पोरगी. पोरीच्या काखेत बोचकं, पाय चिखलानं भरलेले. “न्हाई जागा,” क्लीनर म्हणाला. “उद्याच्या मोटारीनं या.”

“आरं दादा, उद्या तर पंचमी हाय की,” पोरगी भावाला म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला.

मास्तर अर्धे उठले. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. “ये बाई. हितं जागा हाय.”

ती खिडकीपाशी बसली. भाऊ दारातल्या दांडीला लटकला. मोटार हलली तशी ती बाहेर मान काढून बघायला लागली. तिला एका जागी बसवेना.

“नांदेड किती राहिलं वो?” तिनं मास्तरांना विचारलं.

“थोडंच.”

एक ओढा गेला. “आता?”

“आता अजून थोडं.”

एक खेडं गेलं, बाभळी गेल्या. “आता वो?”

“आता तर आलंच म्हणायचं.”

“गप बस की गं!” दारातून भाऊ खेकसला. “मघाधरनं त्या माणसाचं डोकं खाऊन राहिलीस.”

मास्तरांनी हात वर करून त्याला थांबवलं.

“असू द्या,” ते म्हणाले. “विचारू द्या तिला.”