तियानाला झेपेल असा खेळ

नवऱ्याने बायकोबरोबर व्हिडिओ गेम खेळावा की नाही, याबाबत आमच्या अरिल्ये गावात आजवर कोणतंही निश्चित धोरण नव्हतं. नवरे एका खोलीत खेळत, बायका दुसऱ्या खोलीत फोनवर बोलत आणि संसार सुरळीत चालत. नेबॉयशा आणि तियाना यांच्या घरी ही व्यवस्था रासबेरीचा हंगाम संपल्यावर मोडली. ती सावरायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी त्यांचा कूम आहे.

कूम म्हणजे लग्नात साक्षीदार म्हणून सही करणारा माणूस. सही क्षणात होते, पण तिचं निस्तरणं जन्मभर चालू राहतं. मूल झालं तर नाव कूमने ठेवायचं, नवराबायकोत वाजलं तर कूमने मिटवायचं, आणि मिटलं नाही तर गावाने कूमला नावं ठेवायची. माझं नळ-तोट्यांचं दुकान आहे. गळती नेमकी कुठे आहे हे मला नुसत्या आवाजावरून कळतं असं लोक म्हणतात, आणि मीही त्यांना कधी अडवलं नाही.

तर तियाना दुकानात आली. ती शीतगृहात रासबेरी निवडणाऱ्या बायकांची मुकादम आहे. सरकत्या पट्ट्यावरची नासकी रासबेरी तिला लांबूनच दिसते. तिने इकडचं तिकडचं काही विचारलं नाही.

"कुमा, परदेशातून बहिणीचा फोन होता, ग्राट्सहून," ती म्हणाली. "तिथल्या हॉटेलात काम मिळतंय. आपल्या स्लावापर्यंत हो की नाही सांगायचंय."

स्लावा म्हणजे घराण्याच्या संताचा दिवस. यांचा संत निकोला, त्यामुळे सण ऐन डिसेंबरात.

"मग काय ठरवलंस?"

"मला जायचं नाहीये. पण रोज संध्याकाळी त्याची पाठच बघायची असेल, तर ती ग्राट्सहून फोनवरही दिसेल. त्याला सांग, मलाही शिकव म्हणावं. आठवड्यातून एक संध्याकाळ दे, बास. मी राहीन."

इतकी स्वस्त मागणी माझ्या कूमपणाच्या कारकिर्दीत कुणी केली नव्हती. मी दुकान तसंच टाकून नेबॉयशाकडे गेलो. ऐकून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "ती खेळायचं म्हणाली? माझ्याबरोबर?" असं त्याने मला पुन्हा पुन्हा विचारलं, आणि आनंदाने प्लमच्या दारूची बाटली काढली. दुसऱ्या पेल्यावर मात्र त्याचा चेहरा गंभीर झाला.

"पण कोणता खेळ द्यायचा, कुमा? पहिला खेळ एकदाच असतो. चुकीचा दिला तर ती कायमची बिथरेल."

इथे सांगायला हवं की नेबॉयशा भूमापन कार्यालयात आहे. दोन बागांमधलं कुंपण नेमकं कुठे आहे, हे तिथे त्याच्या आधीच्या साहेबाच्या काळापासून मोजत आहेत. मधल्या काळात दोन्ही बागा वाळल्या, पण मोजणी चोख चालू आहे. आधी पाहणी, मग पाऊल, हे त्यांचं ब्रीद. त्याप्रमाणे त्याने पाहणी सुरू केली.

'कधीच न खेळलेल्या जोडीदारासाठी सर्वांत सोपे खेळ' अशा याद्या इंटरनेटवर पोत्याने पडलेल्या आहेत. एक यादी म्हणते, ज्यात नुसत्या उड्या मारायच्या तो खेळ सगळ्यांत सोपा. दुसरी म्हणते, नवशिक्याला मारतात त्या उड्याच. तेव्हा प्रत्येक खेळ स्वतः तपासणं नेबॉयशाला भाग पडलं. त्यातही सोपे खेळ फार कपटी असतात, अवघड जागा शेवटी दडवून ठेवतात, म्हणून प्रत्येक खेळ शेवटपर्यंत खेळणं भाग पडलं. पूर्वी तो जेवणापर्यंत खेळायचा. आता जेवण झाल्यावरही खेळू लागला, कारण आता तो स्वतःसाठी खेळत नव्हता.

तियाना चहा घेऊन आली आणि म्हणाली, मी नुसती बसून बघू का. त्याने तिला प्रेमाने समजावलं की बघितलं की माणूस शिकतो, शिकला की नवशिका राहत नाही, आणि ती नवशिकी राहिली नाही तर हे सगळं चाललंय कुणासाठी. बिनतोड मुद्दा होता. ती कप घेऊन आत गेली.

एकट्याच्या मतावर एवढा मोठा निर्णय नको म्हणून समिती स्थापन झाली. नेबॉयशा अध्यक्ष, त्याच्या कार्यालयातल्या नकाशा विभागाचा झिवोरद हा तज्ज्ञ, नेबॉयशाची आई मिलुंका ही कौटुंबिक प्रतिनिधी, आणि वैवाहिक शांततेचा जबाबदार म्हणून मी. बैठका त्यांच्याच दिवाणखान्यात होत. सोफा चौघांना बरोबर पुरत असे, आणि कॉफी तियाना आणून देई.

कामकाज काटेकोर होतं. शेतीचा खेळ पहिल्याच बैठकीत बाद झाला, कारण त्यात बेरी तोडायच्या होत्या आणि सून दिवसभर बेरीच बघते. तलवारीचा खेळ मिलुंकाने बाद केला. तिचं म्हणणं, सणाच्या तोंडावर घरात मरण नको, ते टीव्हीतलं असलं तरी. मोटारींच्या शर्यतीला झिवोरदने हरकत घेतली. तियाना नेबॉयशापेक्षा चांगली गाडी चालवते हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि पहिल्याच दिवशी जिंकणं नवशिक्याला शोभत नाही असं त्याने लेखी मत दिलं.

घर सजवायचा एक खेळ जवळजवळ मंजूर झाला होता. गोड होता, शांत होता. शेवटच्या क्षणी मिलुंकाने चष्मा वर केला.

"त्या घरात समोरासमोर दोन खिडक्या उघड्या आहेत."

सगळ्यांनी कॉलर वर केल्या. वाऱ्याच्या झोताने आमच्याकडे काय होतं, हे लहान पोरालाही सांगावं लागत नाही. मान धरते, मूत्रपिंडं जातात, झिवोरदच्या काकांचं तोंडच वाकडं झालं होतं. खिडकी बंद करायचं बटण आम्ही संध्याकाळभर शोधलं, पण ते त्या खेळात नव्हतं. अशा घरात सुनेला तासन् तास बसवायचं? खेळ एकमताने बाद झाला, आणि मिलुंकाने खांद्यावर शाल ओढून घेतली.

मग सूपचा खेळ आला. जोडीने स्वयंपाकघर चालवायचं, एकाने चिरायचं, दुसऱ्याने शिजवायचं. हा जोडप्यांसाठी उत्तम असल्याबद्दल सगळ्या याद्यांचं एकमत होतं. आम्ही चौघे भिडलो. नेबॉयशा कांदा शोधत होता, झिवोरद रिकामं पातेलं ढवळत होता, मिलुंका दोघांना ओरडत होती आणि मी आग विझवत होतो. पस्तिशी-चाळिशीचे तीन पुरुष आणि सत्तरीची एक बाई यांच्याकडून एक वाडगा सूप होईना. तेवढ्यात तियाना दारात येऊन उभी राहिली. हातात खरं सूप, खऱ्या ताटल्या.

"जेवायला येताय ना?"

"आता नको," नेबॉयशा म्हणाला. "सूप करतोय."

सूपवर साय धरली. मग झिवोरदच्या लक्षात आलं की ती टीव्हीकडे बघतेय, आणि त्याने गडबडीने टीव्हीवर कोट टाकला. त्या दिवसानंतर दिवाणखान्याच्या दाराला जाड पडदा लावण्यात आला. कॉफी पडद्याखालून यायची.

खरी अडचण पुढेच होती. खेळ सोपा आहे हे ठरवायला नवशिका हवा, आणि तियानावर प्रयोग करणं म्हणजे तिलाच खर्च करणं. म्हणून आधी मला वापरलं. मी आयुष्यात कधी न खेळलेला माणूस, पण आठवडाभरात कामातून गेलो. दुकानात गिऱ्हाईक तोटी मागे आणि माझे अंगठे काउंटरवर नाचत. माझ्यानंतर मिलुंका गेली. ती आता सुनेशी बोलत नसे, तिला वेळ नव्हता. पत्र द्यायला आलेली टपालवाली बाई गेली. स्लावाचं पाणी मंतरायला आलेले पाद्रीबाबा आशीर्वाद देऊन निघालेच होते, त्यांना नेबॉयशाने फक्त एकदा बटण दाबून बघा म्हटलं. पुढच्या दोन घरांचं पाणी त्या दिवशी मंतरायचं राहिलं.

सणाला आठवडा उरला तेव्हा अख्ख्या गल्लीत एकच नवशिकी शिल्लक होती. तिला जपणं आता गावाचीच जबाबदारी झाली. शेजारीण तिच्याशी बोलायची ती फक्त भाजीबद्दल. शीतगृहात तिच्यासमोर कुणी खेळाचा विषय काढत नसे. मी स्वतः तिला रस्त्यात टाळू लागलो, कारण माझ्या तोंडून काही निसटेल अशी भीती. एकदा तिने मला गाठलंच.

"कुमा, बहिणीला काय सांगू?"

"थोडा धीर धर," मी म्हणालो. "दोनच खेळ उरलेत."

"मी खेळ मागितला होता का रे?"

हा प्रश्न समितीच्या कार्यकक्षेबाहेरचा होता. मी तो नोंदवला नाही.

संत निकोलाचा दिवस उजाडला. आमच्याकडे स्लावाला कुणी कुणाला बोलावत नाही, ज्याला यायचं तो येतो, आणि त्या दिवशी निकाल लागणार म्हणून सगळेच आले. उपास असल्यामुळे मांस नव्हतं, नुसते मासे आणि भाजलेल्या घेवड्याची घमेली होती, आणि ते सगळं तियानाने पडद्याआड एकटीने केलं होतं. मेणबत्ती लागली, गव्हाचा प्रसाद झाला. मग अध्यक्षांनी निवड जाहीर केली. एका दोरीला बांधलेली दोन बदकं. दोघांनी मिळून तळं पार करायचं. मरण नाही, खिडक्या नाहीत, सूप नाही.

पडदा बाजूला झाला. तियाना हात पुसत आली. तिने चांगला निळा ब्लाऊज घातला होता, केस नीट बांधले होते. सोफ्यावर समिती होती, आणि अध्यक्षांच्या जागेवर पाद्रीबाबा. झिवोरद सौजन्याने थोडा सरकला आणि पुन्हा जागेवर आला, तेव्हा ती सोफ्याच्या हातावर टेकली. नेबॉयशा उभा होता, कारण स्लावाला यजमानाने बसायचं नसतं, पाहुण्यांसाठी उभं राहायचं असतं. तिने बटण दाबलं. तिच्या बदकाने एक पाऊल टाकलं, पाण्यात डोकावलं आणि शेपूट हलवली. ती हसली. नेबॉयशाने टीव्ही सोडून तिच्याकडे पाहिलं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या पावलाला तिचं बदक घसरलं.

"डावीकडे, डावीकडे," झिवोरद म्हणाला. मिलुंका म्हणाली, अगं दोरी बघ. पाद्रीबाबांनी घाई न करण्याचा सल्ला दिला, टपालवालीने घाई करण्याचा. नेबॉयशाने हळुवारपणे तिच्या हातातला कंट्रोलर घेतला.

"दे, एवढाच भाग अवघड आहे. मी करून देतो."

पुढचा भागही अवघड निघाला. त्याने तिचा कंट्रोलर कपाटावर टेकवला, आपला त्याच्याशेजारी ठेवला, आणि उभ्या उभ्या उजव्या हाताने तिचं बदक, डाव्याने स्वतःचं, असा दोघांचा संसार एकट्याने हाकू लागला. असं कसब मी पाहिलेलं नाही. घास तोंडात तसाच ठेवून सगळे बघत होते.

कुणीतरी माझ्या खांद्याला हात लावला. तियाना कोट घालून उभी होती.

"कुमा, बॅग जड आहे. बस स्टँडपर्यंत येतोस?"

"येतोच," मी म्हणालो. "एवढं तळं पार होऊ दे."

तळं मोठं होतं. बदकं पलीकडे लागली तेव्हा टीव्हीवर कारंजी उडाली, सोनेरी पीस खाली आलं आणि त्यावर लिहून आलं, 'एकमेकांना इतकं समजून घेणारी जोडी क्वचितच दिसते.' आम्ही टाळ्या वाजवल्या. नेबॉयशाचे डोळे भरून आले. तो तिला दाखवायला वळला.

"आत असेल," मिलुंका म्हणाली. "मासे गरम करत असेल."

मासे गारच होते.

समिती बरखास्त करावी असा एक विचार पुढे आला होता, पण विषय अजून संपलेला नाही. सध्या आम्ही 'परदेशी राहणाऱ्या जोडीदाराबरोबर खेळण्याजोगे सोपे खेळ' तपासत आहोत. तियाना ग्राट्सहून अधूनमधून फोन करते. नेबॉयशा तो उचलत नाही. तपासणी पूर्ण होण्याआधी बोलून तिच्या अपेक्षा वाढवणं त्याला योग्य वाटत नाही. फोन वाजायचा थांबला की मात्र तो बराच वेळ त्याच्याकडे बघत बसतो. मग झिवोरद त्याला आठवण करून देतो की पाळी त्याची आहे.

तुम्हाला हे सगळं वेडगळ वाटत असेल. पण मगाशी वाचता वाचता तुम्ही हसलात, तेव्हा आतून कुणीतरी विचारलं, "काय वाचताय एवढं? मलाही सांगा." आणि तुम्ही पानावरची नजर न काढता म्हणालात, "थांब, आधी माझं होऊ दे."

अगदी योग्य केलंत. सोफ्यावर थोडं सरकून बसू, तुमच्यापुरती जागा होईल.