ट्रान्झिस्टरला गारवा हवा

रेडिओ केंद्राचा आवाज शहराच्या टोकापर्यंत पोचत नाही, ही गंभीर बाब इंजिनिअरबाईंच्या आत्याने निदर्शनास आणून दिली. ती टोकालाच राहायची. तिने फोनवर विचारले, "अगं, तुमचा बातम्यावाला आजारी आहे का? नुसता कण्हतोय!"

इंजिनिअरबाईंनी प्रक्षेपकाचे झाकण काढले. आतला ट्रान्झिस्टर तव्यासारखा तापला होता.

"साहेब, आपला कमजोर सिग्नल मोठा करून बाहेर सोडायचं काम हा करतो," त्यांनी केंद्रप्रमुखांना सांगितले. "पण तापला की त्याची ताकद घटते."

"मग करंट वाढवा की!"

"काही मर्यादेपर्यंत फायदा होतो. पुढे ताकद उलट कमी होते, आणि हा आणखी तापतो. याला गारवा हवा."

"म्हणजे परिस्थिती अनुकूल असेल तरच काम करणार. आपल्याच खात्यातला दिसतोय!"

तरीही साहेबांनी मन मोठे करून स्वतःच्या केबिनमधला एसी प्रक्षेपणकक्षात बसवला. बातम्या खणखणीत ऐकू येऊ लागल्या. आत्या खूश झाली.

दुसऱ्या दिवशी साहेब देखरेखीसाठी कक्षात आले, ते खुर्ची-टेबल घेऊनच. मागोमाग हिशेबनीस आले. कार्यक्षमता परिस्थितीवर अवलंबून असते हे शास्त्रानेच मान्य केले असताना सवलत एकट्या ट्रान्झिस्टरला का, असा त्यांचा रास्त सवाल होता. मग टायपिस्ट आली, निवेदक आले, आणि शेवटी शेगडीसकट चहावाला आला.

खोली भट्टीसारखी तापली. ट्रान्झिस्टर पुन्हा कण्हू लागला.

"सगळे बाहेर व्हा!" इंजिनिअरबाई ओरडल्या.

"बाहेर याहून जास्त उकडतं हो," हिशेबनीस म्हणाले.

"आणि आवाज तर झकास येतोय," साहेबांनी निर्वाळा दिला. त्यांचा रेडिओ प्रक्षेपकाला टेकूनच ठेवला होता.

तेवढ्यात फट् झाले. ट्रान्झिस्टर गेला आणि केंद्र मुके झाले. एसी मात्र चालू होता, त्यामुळे कामकाजात खंड पडला नाही.

यथावकाश चौकशी समिती आली, आणि एसीखालची जागा पाहून बसली.

"श्रोत्यांच्या तक्रारी किती?" अध्यक्षांनी विचारले.

"एकच. माझ्या आत्याची," इंजिनिअरबाई म्हणाल्या.

"नातेवाइकांची तक्रार ग्राह्य धरता येत नाही, बाई."

सबब, उर्वरित सर्व श्रोते प्रक्षेपणावर पूर्ण समाधानी आहेत, असा निष्कर्ष समितीने एकमताने काढला. त्या श्रोत्यांत तुम्हीही मोजले गेला आहात. केंद्र अजून बंदच आहे.