पानास तळ दिला त्याची हकीकत

श्री. जो सर्वांचा आरंभ जाणतो आणि ज्यास शेवटाचे भय नाही, त्यास नमन करोन लिहितो. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरे, ज्येष्ठ मासी, एका राज्यात पानाच्या तळावरून मोठा कलह जाहला, तो जैसा घडला तैसा सांगणे प्राप्त आहे. राज्याचे नाव लिहीत नाही. ज्यास झोंबेल त्याने आपलेच समजावे.

त्या राज्यास गड नव्हता, कोट नव्हता, एक पान होते. लोकांनी मोबाईल हाती घ्यावा, बोटाने पान वर सारावे आणि खालून बातम्या, चित्रे, गमती वर येत जाव्या, ऐसी त्याची रीत. थोरले महाराज, म्हणजे गादीवरील महाराजांचे तीर्थरूप, यांनी पान बांधविले तेव्हा अगदी तळाशी फिर्यादीचा दरवाजा ठेविला, आणि कायदा केला की ज्यास गाऱ्हाणे असेल त्याने खाली जावे, दरवाजावर बोट ठेवोन लिहावे, आणि फिर्यादी ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने न्यायाधीशांनी ऐकाव्या, खुद्द राजाची फिर्याद जाहली तरी रांग मोडू नये. आणि दरबारच्या कोणा चाकरास काढणे तर तेही याच दरवाजाने फिर्याद लावोन काढावे, मर्जीने काढू नये. मग ते निवर्तले आणि धाकटे गादीवर बसले आणि त्यांनी तीर्थरूपांची तसबीर पानाच्या माथ्यावर लाविली, आणि तिच्याखाली 'आमचे राज्य रांगेचे' ऐसी सोनेरी अक्षरे घातली. माथ्याची शोभा पुष्कळ जाहली. तळाकडे कोणी पाहिले नाही.

मग ऐसे जाहले की पान अडखळू लागले. बोट सारावे तो पान जागीच थिजावे, आणि मग हिसका खाऊन भलतीकडे जावे. लोक वैतागले, महाराज संतापले, आणि दिवाण अंबाजीपंत यांनी सगुणाबाई लोटलीकर यांस बोलावोन पानाचा कारभार सांगितला. बाई बोलण्यात फटकळ, कामात चोख, आणि कोणी 'हे असेच चालते' म्हटले की त्यांचे डोके फिरत असे. त्यांनी पानाच्या आत शिरोन पाहिले तो हरकाऱ्यांची जत्रा भरलेली. पान केसभर सरकले की एकाने धावत येवोन वर्दी द्यावी, आणि मग दुसऱ्याने तीच द्यावी, आणि दर वर्दीसरशी आत सर्व चित्रे नव्याने मोजावी, सावल्या हलवाव्या, माथ्यावरची तसबीर लहानमोठी करावी, आणि तोवर पानाने ताटकळत उभे राहावे. सगुणाबाईंनी सर्वांस रांगेत उभे केले आणि बजाविले, "आधी पान सरकू द्या, मग बोला. वाट कोणी अडवायची नाही. आणि केसाकेसाला ओरडायचे नाही. श्वासागणिक एक वर्दी आम्हांस पुरे आहे." तेव्हापासून पान लोण्यावरून घसरावे तैसे चालू लागले. महाराजांनी खूष होवोन शालजोडी दिली, ती बाईंनी खुर्चीच्या पाठीवर टाकिली आणि कामास लागल्या.

इतक्यात कोष्टी आळीच्या भागीरथीबाई त्यांस शोधीत आल्या. पाठीवर पदर घट्ट ओढलेला, डोळे रडून सुजलेले.

"बाई, लेकीच्या लग्नात मी अक्षतांचं ताट घिऊन पायरीवरनं घसरले," त्या म्हणाल्या. "कुणीतरी ते टिपलं आणि तुमच्या पानावर सोडलं. आता बाजारात गेले की पोरं ताट धरल्यागत करत्यात आणि पडून दावत्यात. लेकीच्या सासरी जायचं तोंड ऱ्हायलं न्हाई. तेवढं काढा म्हणायला तुमचा त्यो दरवाजा हुडकतीया, पर दरवाजाच गावंना."

"दरवाजा तळाला आहे, मावशी."

"व्हय, पर तळ कुठं हाय?"

सगुणाबाईंस हसू आले, आणि मग त्यांनी स्वतः मोबाईल घेऊन बोट सारिले आणि हसू मावळले. कारण तळ जवळ आला, दरवाजाची चौकट डोकावली, आणि तितक्यात वरून नव्या गमतींचा लोंढा कोसळला आणि दरवाजा खाली गेला. पुन्हा सारिले, पुन्हा तेच. आपण पान इतके गुळगुळीत केले, ते माणसे या खाईत अधिक वेगाने घसरावी म्हणोन काय, ऐसे त्यांच्या मनात आले आणि त्यांस आपल्याच कामाची शिसारी आली. आत जावोन पाहतात तो तळाच्या किंचित वर एक हरकारा दबा धरून बसलेला.

"तुला इथे कोणी बसवले?"

"दिवाणसाहेबांनी," तो म्हणाला. "माणूस तळाजवळ आला की कोठारातून नवा माल आणायचा आणि ओतायचा. तळाला पोचला की माणूस उठून आपल्या कामाला जातो, म्हणून पोचू द्यायचा नाही."

मग बाई तडक अंबाजीपंतांकडे गेल्या. पंत विडा लावीत होते. ते म्हणाले, "अहो, हल्ली एकही फिर्याद येत नाही. महाराज चारचौघांत अभिमानाने सांगतात. प्रजा सुखी आहे बाई, कशाला ढवळता?"

"प्रजा सुखी नाही, पंत. प्रजा वाटेत अडकली आहे," बाई म्हणाल्या, आणि भागीरथीबाईंचा हात धरोन त्यांस भर दरबारात घेऊन गेल्या.

दरबार भरला होता. सगुणाबाईंनी मुजरा करोन अर्ज केला की महाराजांनी आपल्या बोटाने फिर्यादीच्या दरवाजापावेतो जावे, म्हणजे प्रजेचे हाल कळतील. महाराजांस ही गंमत वाटली. "त्यात काय मोठे," म्हणोन त्यांनी मोबाईल घेतला आणि पान सारिले, आणि प्रथम हत्ती अंघोळ करतो ते पाहिले, आणि मग कुस्ती पाहिली, आणि मग कोणी मिसळीवर किती तर्री ओतितो ते पाहिले, आणि मग कशासाठी बसलो तेच विसरले. सरदार एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देऊ लागले, मुदपाकखान्यात ताटे निवली, तरी महाराजांची मान वर होईना. मग एकाएकी महाराज खदखदा हसू लागले आणि म्हणाले, "अंबाजीपंत, ही पाहा, ताटासकट कशी आपटली." आणि मोबाईल फिरवोन सर्वांस दाखविला, आणि महाराज हसतात म्हणोन सर्व दरबार हसला. भागीरथीबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडावर ओढला आणि खाली पाहिले. त्या क्षणी सगुणाबाईंच्या अंगाचा तिळपापड जाहला.

"महाराज, ती बाई ही इथे उभी आहे."

महाराज थोडे ओशाळले, पण ओशाळलेला राजा लवकर चिडतो, तैसे तेही चिडले. "मग तिने फिर्याद लावावी. दरवाजा आहे ना?"

"तोच गाठायला महाराजांनी मोबाईल घेतला होता."

महाराजांनी पानाकडे पाहिले, दिवाणांकडे पाहिले, आणि हुकूम केला की पान चालते तैसेच चालावे, आणि त्यास तळ देण्यास सक्त मनाई आहे.

"मनाई ऐकली," सगुणाबाई म्हणाल्या. "तळ मी देणार."

ऐसे बोलोन त्या निघाल्या आणि भर दुपारी, सर्व कारकून पाहत असता, त्यांनी दबा धरलेल्या हरकाऱ्यास उठविले. त्याच्या जागी एक साधे बटण बसविले, त्यावर 'आणखी हवे काय?' इतकेच लिहिले. ज्यास हवे त्याने दाबावे, ज्यास नको त्याचे पान तेथे संपेल, आणि खाली दरवाजा उघडा. कारकून म्हणाले, बाई, चाकरी जाईल. बाई म्हणाल्या, "चाकरी पानाची आहे, खाईची नाही." मग भागीरथीबाईंनी आपल्या बोटाने पान सारिले, तळास गेल्या आणि पहिली फिर्याद लाविली, आणि न्यायाधीशांनी ती ऐकोन दिवस मावळण्याआधी ते चित्र पानावरून काढविले. ही बातमी आळीआळीत गेली आणि मग कोणाचे पाणी, कोणाचा रस्ता, कोणाची बदनामी, ऐशी आजवर तुंबलेली गाऱ्हाणी दरवाजावर लोटली, आणि रांग लागली ती संपेना.

महाराजांस कळले तेव्हा ते तख्तावरून उठले. "काढा त्या बाईला."

अंबाजीपंत हळूच म्हणाले, "काढायचे तर फिर्याद लावावी लागेल, महाराज. थोरल्यांचा कायदा आहे. फार तर रांग मोडून आपली आधी घेऊ."

महाराजांनी मोबाईल उघडिला तो माथ्यावर तीर्थरूपांची तसबीर, आणि खाली आपणच घातलेली सोनेरी अक्षरे, 'आमचे राज्य रांगेचे'. ती सर्व राज्य रोज पाहत होते. रांग मोडण्याचा विचार महाराजांनी तेथेच सोडिला. मग त्यांनी बोट सारिले, आणि बटणाशी आले, आणि क्षणभर ते दाबावेसे वाटले तरी दाबिले नाही, आणि खाली दरवाजा आला. त्यांनी लिहिले: 'सगुणाबाई लोटलीकर यांनी आमचा हुकूम मोडला. पान संपते.' दरवाजाने उत्तर दिले: 'फिर्याद पोचली. आपणापुढे रांग आहे. पाळी आली म्हणजे कळवू.'

महाराजांनी सगुणाबाईंस बोलाविले आणि दातओठ खात विचारिले, "आमच्या पुढे कोण आहे?"

"प्रजा, महाराज."

येणेप्रमाणे जाहले ते लिहिले. भागीरथीबाई लेकीच्या सासरी जावोन जेवून आल्या. अंबाजीपंत हल्ली विडा चघळत रांगेकडे पाहत बसतात. सगुणाबाई कामावर आहेत आणि शालजोडी अद्याप खुर्चीवरच आहे. महाराजांची पाळी आलेली नाही. पान येथे संपले.