तीस दिवसांची मुदत

जामखेडातून आजवर कुणी केला नसेल इतका पक्का प्रवास आपण करून दाखवणार, असं दानीएल मास्तरांनी सगळ्या आळीला सांगून ठेवलं होतं. जायचं होतं मद्रासच्याही पलीकडं. तिथं मिशनच्या दवाखान्यात त्यांच्या बायकोची, लिडियाबाईंची, थोरली बहीण मरिया नर्स होती. दोघी बहिणी अकरा वर्षांत भेटल्या नव्हत्या. सत्तर सालच्या जानेवारीत मरियाचं पत्र आलं, 'या महिन्यात ये. जमवच.'

मास्तरांनी तिकिटं काढली, दोन पेट्यांवर नावं रंगवली आणि नगरहून विम्याचा एजंट बोलावला. त्यांचा एक मित्र परमुलखात तापानं महिनाभर अडकून पडला होता, तेव्हापासून मास्तरांनी वाटेतल्या आजारपणाची धास्ती घेतली होती. एजंट राधाकृष्णनं चहा घेतला, सही घेतली, कागद दिला. मास्तरांनी चष्मा पुसून मागचं बारीक अक्षर वाचायला घेतलं.

"हे तीस दिवस कसले?"

"ती मुदत, मास्तर. गाडीला अपघात झाला तर कंपनी आजपासून जबाबदार. आजारपणाचं मात्र तीस दिवसांनी सुरू. नाहीतर लोक ताप भरल्यावरच विमा काढतील."

"आम्ही तर परवा निघणार. एकविसाव्या दिवशी परत."

राधाकृष्णनं बोटं मोजली. "मग घरी आल्यावर नऊ दिवसांनी चालू होईल बघा."

म्हणजे जेवणं उरकल्यावर पानं मांडायची. मास्तरांनी तिकिटं बदलून आणली आणि प्रवास महिनाभर पुढं ढकलला.

"मरियानं याच महिन्यात ये म्हणलंय," लिडियाबाई म्हणाल्या.

"महिन्यानं काय होतंय? ती काय कुठं पळून चालली?"

लिडियाबाईंनी भरलेले कपडे पेटीतून परत बाहेर काढले. मास्तरांनी तो होकार धरला.

आता मुदत संपेपर्यंत बायकोला काही होऊ द्यायचं नव्हतं. मुदतीत जडलेलं दुखणं पुढंही कंपनीच्या हिशेबात येत नाही, असं त्या कागदात होतं. मास्तरांनी घरातलं दही बंद केलं, पेरू बंद केला. भर दुपारी लिडियाबाईंच्या कानांना मफलर. सहाव्या दिवशी फोडणीच्या मिरचीनं त्यांना शिंक आली, तर मास्तर धावत जाऊन खिडक्या लावून आले, जणू कंपनीचा माणूस बाहेर कान लावूनच बसला होता.

बंद खिडक्या शेजारच्या चांगुणाबाईंनी पाहिल्या आणि लिडियाबाईंना क्षय झाल्याचं विहिरीवर सांगितलं. संध्याकाळी निम्मी आळी दारात. कुणी मोसंबी आणली, कुणी कोंबडीचा रस्सा. पाळकसाहेब प्रार्थनेला उभे राहिले.

"अवो, मला कायबी झालं न्हाई," लिडियाबाई म्हणाल्या.

"समदी असंच म्हंत्यात," म्हणून चांगुणाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

माणसं गेल्यावर लिडियाबाई पोट धरून हसल्या. हसता हसता थांबल्या. "माझ्या एका शिंकंला एवढी मानसं जमली. मरियाजवळ कोन असंल, वो?"

मास्तर मोसंबी मोजत राहिले.

चोविसाव्या दिवशी तार आली. मरिया गेली होती. दफनही झालं होतं. लिडियाबाईच गेल्या असं समजून आळी पुन्हा दारात जमली, पण त्या धडधाकट उभ्या दिसल्यावर कुणाचं सांत्वन करायचं ते कुणालाच कळेना. तारेमागून दवाखान्याच्या मेट्रनचं इंग्रजी पत्र आलं. मास्तर अडखळत एकेक ओळ मराठीत सांगू लागले. मरिया नाताळापासून आजारी होती. कुणाला कळवू देत नव्हती. बहीण येणार म्हणून तिनं खाट दाराच्या तोंडाला लावून घेतली होती.

"ते परत वाचा," लिडियाबाई म्हणाल्या.

मास्तरांनी परत वाचलं. त्या रडल्या नाहीत. मास्तरांना वाटलं, रडल्या असत्या तर बरं झालं असतं.

एकतिसाव्या दिवशी, निदान कबर तरी बघावी म्हणून, दोघं निघाली. दौंडला मेल मिळाली, बसायला जागा मिळाली, वाटेत कुणाचं डोकंसुद्धा दुखलं नाही.

दवाखान्याच्या फाटकाशी मास्तरांनी बायकोचा दंड धरला होता. ते पाहून दोन वॉर्डबॉय चाकांची खुर्ची घेऊन धावत आले. लिडियाबाई दोन दिवसांच्या प्रवासानं थकल्या होत्या. त्या मुकाट्यानं बसल्या. खुर्ची निघाली थेट तपासणीच्या खोलीकडं, आणि मास्तर दोन्ही हातांत दोन पेट्या घेऊन मागं पळत, "नो पेशंट, नो पेशंट!"

खोलीत एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी लिडियाबाईंची नाडी धरली आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "माँजी, दर्द कहाँ है?"

इतक्या दिवसांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. लिडियाबाई त्यांचा हात धरून रडायला लागल्या.

डॉक्टरांनी मास्तरांकडं पाहिलं. "कब से?"

मास्तरांनी पेट्या खाली ठेवल्या. "ती आजारी नाही, साहेब," ते मराठीतच म्हणाले. "तिला लवकर यायचं होतं. मीच थांबवलं. माझं चुकलं."

डॉक्टरांना मराठी येत नव्हती. त्यांनी समजल्यासारखी मान हलवली आणि एक स्टूल पुढं सरकवलं. मास्तर तसेच उभे राहिले. बऱ्याच वेळानं लिडियाबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"बसा," त्या म्हणाल्या.