पुदिन्याच्या बर्फाची कुमक

पॅराग्वे मुलखी, नदीकाठच्या इस्पितळी, भर जानेवारीच्या, म्हणजे तेथील ऐन उन्हाळ्याच्या, वणव्यात जे रण माजले त्याची हकीकत, पुढील भूल देणारांनी शहाणे व्हावे म्हणोन, लिहिली ऐसीजे.

वायुयंत्रधुरंधर, पदवी मिळोन अकरा महिने जाहलेल्या डॉक्टर लिब्रादा बाईसाहेब यांणी एलादियो नामे एकोणीस वर्षांच्या पोराची, अपेंडिक्स काढणेपूर्वी, चौकशी केली.

मातुश्री म्हणाली, "माझा भाऊ गुमेर्सिंदो दाताच्या ऑपरेशनला टेबलावरच गेला हो. ऊन बाधलं."

आणि बाईसाहेबांनी मान डोलाविली, कां की या मुलखी जानेवारीत सर्व गुन्हे उन्हाचे माथी मारावे ऐसा रिवाज. मग कागदी "विशेष काही नाही" ऐसा शेरा मारोन भुलीचा वायू सोडिला.

मग पोराचा जबडा किल्ल्याच्या दरवाज्यागत मिटला, आणि पोट उघडिले तोच नाडी दीडशेवर गेली, आणि श्वासातील कार्बन डायऑक्साइड चाळिसाचा ऐंशीवर चढला; तेव्हा यंत्र फितूर जाहले ऐसे ठरवोन बाईसाहेबांनी त्यास दोन थपडा दिधल्या. आकडा चढतच राहिला.

चौकशीवेळी तेथेच असलेल्या वृद्ध परिचारिका एपिफानिया, ज्यांस सारे मानाने दोन्या म्हणत, यांणी पोराचा दंड चाचपला. "डॉक्टरीणबाई, हे लाकडासारखं ताठलंय. तापलंय पण."

"जानेवारी आहे, दोन्या. सगळेच तापलोय."

"आपण बाहेरून. हे आतून पेटलंय. मामा काय खरंच उन्हानं गेला होय?"

तेव्हा बाईसाहेबांचे डोळे उघडले. भुलीच्या वायूनेच पोराचे स्नायू पेटविले होते; हा वाण मामाकडचा. हुकूम सुटले: वायू बंद, निखळ प्राणवायू, भूल शिरेतून, अपेंडिक्स काढोन पोट शिवोन आवरावे, या आगीवरील एकच उतारा जे डँट्रोलिन ते आणावे. औषध आले ते भुकटी. नऊ कुप्या, प्रत्येकीत साठ मिली पाणी घालोन हालवावे. मग दारवानापासोन थोरल्या डॉक्टरांपर्यंत सारी फौज कुप्या हालवू लागली.

पोराचा ताप एक्केचाळीस. बर्फयंत्र तर डिसेंबरातच धारातीर्थी पडलेले.

"तेरेरेचे थर्मास आणा!" दोन्या गरजल्या. तेरेरे म्हणजे बर्फपाण्यात पुदिना घालोन केलेला पाल्याचा काढा; त्याविना या मुलखी कोणी कामास येत नाही. सबब अकरा थर्मास बर्फानिशी हजर.

दारवान कळवळला, "निदान पुदिना तरी काढून घेऊ द्या!"

"पुदिन्यासकट ओत, मेल्या!"

तो बर्फ काखेत, जांघेत मांडिला, आणि औषध शिरेत गेले, आणि आकडा उतरला, आणि दंड सैल जाहला. दोन दिवस अतिदक्षता विभागी पहारा ठेविला. शुद्धीवर येताच पोराने पुशिले, "मला पुदिन्याचा वास का येतोय?"

मग बाईसाहेबांनी आपलाच शेरा खोडोन लिहिले, की या घराण्यास हा वायू कदापि देऊ नये, आणि गुमेर्सिंदो बहुधा उन्हाने गेले नाहीत. मातुश्रीने कागद दोनदा वाचिला.

"तेवीस वर्षं मी उन्हालाच शिव्या देतेय," ती म्हणाली.

येणेप्रमाणे उन्हावरील आळ दूर करोन फत्ते दफ्तरी दाखल केली. बर्फ पोरावर खर्ची पडला सबब बाईसाहेबांनी त्या रणाच्या दिवशीचे तेरेरे कोमट घेतले, तक्रार केली नाही.